स्कूबा: ‘मला वर जायचंय’ म्हणण्याचा हक्क

मालवण, तारकर्ली, देवबागला सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या यादीत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जोडीला आता स्कूबा असतंच. पोहता येत नसलं तरी चालतं, गाईड सोबत असतो, व्हिडिओ मिळतो, एवढं ऐकून माणसं बोटीत बसतात. या व्यवसायानं किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत चार पैसे आले आहेत आणि तो टिकायलाच हवा. म्हणूनच पाण्याखाली माणूस का बिथरतो आणि त्यासाठी कोणती तयारी हवी, हे व्यावसायिक, प्रशासन आणि पर्यटक या तिघांपुढे मांडतो आहे.

१. घाबरणं हा अपवाद नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विल्यम मॉर्गन यांनी डायव्हर्सची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी पाण्याखाली कधी ना कधी पॅनिक किंवा त्याच्या जवळपासची अवस्था अनुभवल्याचं सांगितलं. पाण्याखाली वावरलेल्या माणसांची ही गोष्ट, तर पहिल्यांदाच समुद्रात डोकं घालणाऱ्याचं काय? ‘काही होत नाही हो, बिनधास्त उतरा’ या वाक्यानं धीर येत नाही. उलट जीव घाबरा झाला की ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असं वाटून माणूस ते लपवतो.

२. श्वासाचं गणित आधी सांगा. मास्कमध्ये नाक बंद असतं, श्वास तोंडानं घ्यायचा असतो. याची सवय कुणालाच नसते. धास्तीनं श्वास भरभर आणि उथळ होतो. अशा श्वासात हवा नुसती घशापर्यंत ये-जा करते, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यामुळे आणखी गुदमरल्यासारखं होतं. सिलिंडर भरलेला असतो, तोंडात धरलेला, हवा देणारा रेग्युलेटर नीट चालत असतो, तरी माणसाला वाटतं की हवाच येत नाही. मग तो रेग्युलेटर थुंकतो किंवा मास्क ओढून काढतो. उपाय अगदी साधा आहे: हालचाल थांबवायची, काहीतरी धरायचं आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडायचा. आत घेण्यावर नव्हे, सोडण्यावर लक्ष. पण हे बोटीची शिडी धरून, डोकं पाण्यात घालून पाच-दहा मिनिटं शांतपणे करून घेतलं, तरच खाली आठवेल. मागचे लोक रांगेत आहेत म्हणून हा सराव दोन श्वासांत उरकला जातो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच होते.

३. उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज सोडला पाहिजे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पाच मीटरवर दीडपट. भेदरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावला, तर छातीतली हवा त्याच प्रमाणात फुगू पाहते. फुप्फुसाला इजा होऊन हवेचा बुडबुडा रक्तात शिरू शकतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे ‘श्वास कधीही रोखू नका’ ही सूचना पहिली, आणि ती पर्यटकाकडून वदवून घ्यावी.

४. पॅनिक अचानक आल्यासारखं वाटतं, पण बहुतेकदा ते आधी दिसतं. बोटीवर एकजण अखंड बडबडत असतो, दुसरा एकदम गप्प होतो. मास्कचा पट्टा पुन्हा पुन्हा सारखा केला जातो. पाण्यात बुडबुडे थांबून थांबून यायच्या ऐवजी एकसारखे येऊ लागतात, डोळे विस्फारतात, अंग आडवं न राहता उभं होतं आणि पाय सायकल मारल्यासारखे चालतात. आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे: माणूस थिजतो, हाताच्या खुणेला उत्तरच देत नाही. कॅमेऱ्यात तो शांत दिसतो. म्हणून ज्या गाईडच्या हातात माणूस आहे, त्याच्या हातात कॅमेरा नको. चित्रीकरणाला दुसरा माणूस ठेवा, नाहीतर व्हिडिओ देऊच नका.

५. अंगठ्याची खूण. जमिनीवर अंगठा वर केला की ‘झकास’. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘वर चला’. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, आणि काही बिनसलं तर पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवायचा. या तीन खुणा प्रत्येकानं बोटीवरच करून दाखवल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडू नये. गाईडनंही अंगठा दिसला की प्रश्न न विचारता, त्या माणसाला धरून सावकाश वर यावं. वर येताच आधी जॅकेटमध्ये हवा भरावी, बोलणं नंतर. पृष्ठभागावर बिथरलेला माणूस सोबतच्याच्या अंगावर चढू पाहतो.

६. ‘नको’ म्हणण्याची किंमत पडू नये. पैसे भरलेत, बायको-मुलं बघताहेत, मित्र चिडवताहेत, अशा वेळी माघार घेणं अवघड असतं. शिडीवरून परत फिरणाऱ्याला निदान निम्मे पैसे परत मिळतील असा नियम व्यावसायिकांच्या संघटनांनीच करावा आणि दरपत्रकावर छापावा. आणि ज्यांना उतरायचंच नाही, त्यांना कुणी पाण्यात ढकलून ‘भीती घालवू’ नये, नवऱ्यानंही नाही.

७. तब्येतीचा फॉर्म मराठीत हवा, आणि तो आदल्या दिवशी हातात पडावा. दमा, हृदयविकार, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चोंदलेलं नाक, याबरोबरच बंद जागेची भीती आणि पूर्वी आलेले पॅनिक अ‍ॅटॅक हेही विचारलं जावं. हलत्या बोटीत सगळ्यांसमोर हे कुणी सांगत नाही.

८. प्रशासनाकडे मागणी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचं आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, तेव्हा लाइफ जॅकेट आणि बोटींच्या परवान्यांवर बरीच चर्चा झाली. ती गरजेची होतीच. पण तपासणी पाण्याच्या वरच थांबू नये. प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन आणि तो देता येणारा माणूस आहे का, गाईडला बिथरलेल्या माणसाला सोडवण्याचं प्रशिक्षण मिळालंय का, हे हंगाम सुरू होण्याआधी पाहावं. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. स्थानिक मुलांसाठी तिथे दर पावसाळ्यात, धंदा बंद असतो त्या महिन्यांत, बचावाची मोफत उजळणी घेता येईल. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक डाईव्हची दोन ओळींची नोंदही ठेवावी: माणूस कुठे घाबरला, गाईडनं काय केलं. पुढच्या वर्षीचं प्रशिक्षण त्या वह्यांवरून ठरवता येईल.