धरण उशाला, कोरड घशाला

शहापूर तालुक्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या उशाला पाण्याची कमी नाही. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो आहे. १९५७ मध्ये मोडकसागर आला, २०१४ मध्ये शेजारच्या मोखाड्यात मध्य वैतरणा. भातसा तर एवढे मोठे, की मुंबईच्या सातही तलावांत मिळून जे पाणी साठते त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसात. तरीही होळी सरली की आपल्याच पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट बघत बसतात.

यात दोष पावसाचा नाही. तो वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण पडतो चार महिन्यांत, आणि जमीन उताराची. वर वीतभर माती, खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत ओहोळाला लागते, ओहोळ नदीला आणि नदी धरणाला. आपल्या वाडवडिलांनी खालची खाचरे भातासाठी राखली आणि घरे वरकस माळावर बांधली, कारण तिथे जवळ झरा होता. पुढे शहरासाठी धरणे झाली ती दरीत, घरांच्या खाली. आता पाण्याला मुंबईकडे जायला उतार आहे, पाड्याकडे यायला चढ! चढाला पंप लागतो, वीज लागते. बिल थकले की योजना बंद. अशा कोरड्या टाक्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात.

मग पाणी वरूनच यायला हवे. घाटमाथ्यावर इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, ती याच हिशेबाने. तिचा पाठपुरावा सोडू नका. पण जे पाडे जलवाहिनीपासून लांब किंवा उंचावर आहेत, त्यांना शेवटी त्यांचा झराच तारणार.

खरी काळजी इथेच आहे. पाऊस वरच्या माळावर मुरतो, कातळाच्या फटींतून उतरतो आणि खाली टणक थर आडवा आला की डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतो. म्हणजे झऱ्याचे मूळ वरच्या माळात. नेमका तोच माळ आज शहरवाल्यांना फार्महाऊससाठी हवा आहे. हवा थंड, महामार्ग जवळ, खाली तलाव दिसतो! जेसीबीने माळ सपाट झाला, दोन-चार बोअर पडल्या, की खालचा झरा आटायला कितीसा वेळ? सौद्याच्या वेळी मात्र झऱ्याची चौकशी कोणीच करत नाही.

सरपंच आणि भाऊसाहेब, एप्रिल-मे महिन्यात एकेका झऱ्यावर जा. हंडा भरायला किती वेळ लागतो ते दरवर्षी वहीत लिहा. वरचा माळ कोणत्या गटात येतो तेही नोंदवा. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतीच्या हाती दिले आहे. तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या: झऱ्याच्या माथ्यावर बोअर नको, खोदकाम नको, तिथे समतल चर काढू, झाडे राखू.

आणि शेतकरी दादा, इसार घेण्याआधी एकदा माळावर जाऊन खाली बघा. माळाचे पैसे एकदाच येतील. हंडा मात्र रोज भरावा लागतो.