वार्धक्य आणि मोटारीचे चाक

१८६७ साली मॉरिशसच्या सरकारने एक कायदा केला. करारातून मोकळ्या झालेल्या जुन्या हिंदी मजुराने आपले छायाचित्र डकविलेले तिकीट सदैव जवळ बाळगावे, ते जवळ नसता रस्त्यावर आढळल्यास त्यास भटक्या समजून पोलिसाने धरावे, असा त्या कायद्याचा रोख होता. उसाच्या मळ्यात पाच पाच वर्षे घाम गाळून जो स्वतंत्र झाला, त्यास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी पुन्हा कागदाचा तुकडा दाखवावा लागे. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ या सद्‌गृहस्थांनी या जाचाविरुद्ध जो अर्ज सिद्ध केला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांनी आपली नावे घातली. पुढे शाही चौकशी आयोग बसला, तो त्यातूनच.

हा इतिहास येथे उकरून काढण्याचे कारण असे, की ज्या समाजाच्या पणज्यांनी रस्त्यावर पाऊल टाकण्याच्या हक्कासाठी अंगठे उठविले, त्या समाजात 'परवाना' हा शब्द निव्वळ सरकारी कागदापुरता राहत नाही. मॉरिशस सोडून मेलबर्नला आलेली, किंवा १९८७ च्या बंडानंतर फिजीहून सिडनीस आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, तेव्हा घराच्याही आधी त्यांनी बहुधा मोटार घेतली. ती घेतल्यावाचून गत्यंतरच नव्हते. कारखाना एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि देऊळ तर तिसऱ्याच उपनगरात. त्या काळी तिशी-चाळिशीत असलेली मंडळी आज पंचाहत्तरीच्या घरात पोचली आहेत. अशा पित्यास मुलगा जेव्हा म्हणतो, "बाबा, आता गाडी पुरे", तेव्हा त्याच्या मनात जी तिडीक उठते ती सगळीच हट्टाची नसते, हे मुलांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

ऑस्ट्रेलियात या बाबतीत एकच एक नियम नाही. प्रत्येक राज्याचा न्याय निराळा. न्यू साउथ वेल्समध्ये पंचाहत्तरी गाठली, की दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. आणि पंच्याऐंशीनंतर पूर्ण परवाना राखावयाचा असेल, तर दर दोन वर्षांनी रस्त्यावरची प्रत्यक्ष चाचणीही द्यावी लागते. ती नको असेल, त्यास आपल्या परिसरापुरता मर्यादित परवाना मिळू शकतो. दुकान, दवाखाना, देऊळ एवढेच ज्याचे जग उरले आहे, त्यास ही सोय पुष्कळ आहे. पण तिची माहिती फार थोड्यांस असते, आणि 'सर्व किंवा काहीच नाही' अशा समजुतीने कित्येक जण एकतर चाचणीच्या धास्तीने खंगतात, नाहीतर परवाना परत करून मोकळे होतात. क्वीन्सलंडमध्ये पंचाहत्तरीनंतर चालकाने वैद्यकीय दाखला मोटारीत आपल्याजवळ ठेवावा लागतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात वार्षिक तपासणीची अट ऐंशीव्या वर्षापासून लागू होते. व्हिक्टोरियाने मात्र दीर्घकाळ वयावर आधारलेली सक्तीची चाचणी ठेविली नाही. आजार जडला तर तो चालकाने स्वतःच परवाना-खात्यास कळवावा, या तत्त्वावर तेथील व्यवस्था उभी राहिली.

सक्तीने सुरक्षितता वाढते काय? मोनॅश विद्यापीठाच्या अपघात-संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी २००४ साली मेलबर्न आणि सिडनी या दोन शहरांतील वृद्ध चालकांच्या अपघातांची तुलना प्रसिद्ध केली. एका शहरात वयानुसार चाचणी होती, दुसऱ्यात नव्हती. चाचणी असलेल्या सिडनीत वृद्धांचे अपघात कमी आहेत, असे काही त्या तुलनेत दिसून आले नाही. म्हणून चाचण्या निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पण चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे काळजी मिटली, हा समज तरी तिने खोटा ठरविला.

मग वय नेमके कोठे आड येते? सर्वांत आधी डोळ्यांत. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे दिवसा उत्तम चालविणारा मनुष्य तिन्हीसांजेस गोंधळतो, आणि समोरून आलेल्या दिव्यांच्या झोताने दिपलेले डोळे पुन्हा स्थिरावण्यास त्यास अधिक वेळ लागतो. खासगी मोटारीसाठी ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय वैद्यकीय दंडक ६/१२ इतकी दृष्टी आणि आडव्या दिशेने किमान ११० अंशांचा दृष्टिपट्टा अपेक्षितो. यातील पहिली गोष्ट अक्षरांच्या तक्त्यावरून कळते; दुसरी मात्र मनुष्यास स्वतःला कळतच नाही, कारण काचबिंदूने कडेची दृष्टी चोरपावलांनी जाते. याच्या उलट मोतीबिंदूची गोष्ट दिलासा देणारी आहे. शस्त्रक्रियेनंतर चालकांच्या अपघातांत घट झाल्याचे पश्चिम ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत आढळले आहे. "एवढ्यात कशाला डोळ्याला कात्री" म्हणून वर्षानुवर्षे दिवस ढकलणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरी अडचण चौकातली. ऑस्ट्रेलियात, मॉरिशसप्रमाणे आणि फिजीप्रमाणेच, वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे धोका उजवीकडे वळताना. समोरून येणाऱ्या मोटारीचा वेग जोखायचा, मध्ये जागा सापडते का ते पाहायचे, पादचारी कोठे आहे ते हेरायचे, आणि हे सारे दोन-तीन क्षणांत. तरुण मेंदू ही तीन कामे एकदम करतो, वृद्ध मेंदू एकामागून एक. त्यावर साधा तोडगा असा, की बाण-दिव्याचा चौक निवडावा, किंवा तीन वेळा डावीकडे वळून इच्छित रस्ता गाठावा. पाच मिनिटे अधिक जातात, इतकेच. मेलबर्नच्या मध्यवस्तीत ट्रामच्या रस्त्यांवर उजवीकडे वळण्यासाठी आधी डाव्या कडेस जाऊन थांबावे लागते. त्या 'हुक टर्न'ची भीती तर पंचविशीतल्यांनाही वाटते, तेव्हा वृद्धांनी तिची लाज बाळगण्याचे काही कारण नाही.

तिसरी गोष्ट नियमांची. १९७४ च्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवरून मैल गेले आणि किलोमीटर आले, हे बहुतेकांस आठवते. परंतु १९९३ पर्यंत व्हिक्टोरियात डावीकडे वळणाऱ्याने समोरून उजवीकडे वळणाऱ्यास वाट द्यावी असा उलटा नियम होता, तो तेव्हा बदलला. वस्तीतील सर्वसाधारण वेगमर्यादा ६० ची ५० झाली. सायकलस्वाराच्या कडेने जाताना किमान एक मीटर, आणि ६० पेक्षा अधिक वेगाच्या रस्त्यावर दीड मीटर अंतर राखावयाचे असते. दिवे लुकलुकत थांबलेल्या रुग्णवाहिकेजवळून वेग उतरवून जावयाचे असते. परवाना मिळाला त्या दिवशी जे पाठ केले, त्यावर चाळीस वर्षे चालविणारे लोक थोडे नाहीत, आणि ते स्वतःस नियमांचे कडक पालन करणारे समजतात!

या सर्वांहून गंभीर बाब शरीराच्या ठिसूळपणाची. ज्या धक्क्याने तिशीतला मनुष्य चार बरगड्या दुखावून घरी येतो, त्याच धक्क्याने ऐंशीचा मनुष्य रुग्णालयातून परतत नाही. म्हणजे वृद्ध चालक जगाला जितका धोकादायक असतो, त्याहून अधिक तो स्वतःला आणि शेजारी बसलेल्या पत्नीला असतो. "म्हातारे रस्त्यावर धुमाकूळ घालतात" असे वृत्तपत्री उद्गार काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

मॉरिशसकरांसाठी येथे एक निराळा परिच्छेद लिहिणे अगत्याचे आहे. १९८७ साली मेलबर्नचे मधुमेहतज्ज्ञ पॉल झिमेट आणि त्यांचे सहकारी यांच्या साहाय्याने मॉरिशस बेटावर मोठी आरोग्य-पाहणी झाली. तीत तेथील प्रौढ हिंदूंपैकी सुमारे १२ टक्क्यांना मधुमेह असल्याचे आढळले. क्रिओल आणि चिनी समाजांतही प्रमाण फारसे निराळे नव्हते. मधुमेह आणि मोटार यांचा संबंध अनेकांच्या ध्यानी येत नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरली, तर हात कापण्यापूर्वीच विचार भरकटतो, आणि आपला विचार भरकटला आहे हे त्या मनुष्यास कळत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात रुग्णांस शिकविले जाते, की चाक हाती घेण्यापूर्वी रक्तशर्करा मोजावी आणि ती ५ च्या वर असल्यासच निघावे. एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी ही खबरदारी दुप्पट घ्यावी. उपाशीपोटी गोळी घेऊन, आरतीची वेळ चुकू नये म्हणून घाईने देवळास निघणे हे भक्तीचे लक्षण खचित नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांस सशर्त परवाना घ्यावा लागतो. तो दडवून चालविल्यास अपघातानंतर विमा कंपनीशी वाद उपस्थित होण्याचा संभव असतो.

आता कार्यशाळांविषयी. न्यू साउथ वेल्समध्ये नगर-परिषदांचे रस्ता-सुरक्षा अधिकारी पासष्टीपुढील चालकांसाठी वर्ग भरवीत आले आहेत. व्हिक्टोरियात मोटारधारकांच्या आरएसीव्ही या संघाने 'इयर्स अहेड' नावाची व्याख्याने चालविली, आणि 'वायझर ड्रायव्हर' या नावाचे काही आठवड्यांचे वर्गही तेथे भरले. या वर्गांतून बदललेले नियम, औषधांचे परिणाम, आसन व आरसे कसे बसवावेत, मोटार घेताना कोणती साधने पाहावीत, आणि मोटार सोडण्याची वेळ आली तर पुढे काय, हे विषय येतात. साध्या वाटणाऱ्या सूचनाही मोलाच्या असतात. छाती आणि चाक यांत सुमारे पंचवीस सेंटिमीटर अंतर असावे, ही गोष्ट कित्येक ठेंगण्या आजीबाईंना कोणी सांगितलेलीच नसते. त्या चाकाला जवळजवळ बिलगून बसतात, आणि वायूची पिशवी फुगली की तीच त्यांना इजा करते.

पण सभागृहातील व्याख्यानाने चालविणे सुधारते काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सिडनीच्या उपनगरांत पंचाहत्तरीपुढील ३८० चालकांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी काहींस घरी जाऊन सुरक्षित प्रवासाचे शिक्षण देण्यात आले. शिक्षण घेतलेल्यांनी आपण अधिक जपून, ठरवून बाहेर पडतो असे सांगितले. परंतु त्यांच्या मोटारीत बसविलेल्या यंत्राने मोजलेले अंतर काही त्यामुळे घटले नाही. दुसरा प्रयोग कॅनबेराचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. तेथे पासष्टीपुढील ५७ चालकांचे दोन गट केले. दोहोंना नियमांची उजळणी करून दिली. पण एका गटास त्याखेरीज प्रशिक्षकाने शेजारी बसून, ज्याच्या त्याच्या चुका पाहून, रस्त्यावर धडे दिले. सुधारणा दिसली ती या दुसऱ्या गटात. पोहण्याचे शास्त्र ओसरीवर बसून शिकता येत नाही, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. समाजाच्या सभागृहात वर्ग भरविणाऱ्या मंडळांनी चहा-फराळाबरोबर एक-दोन परवानाधारक प्रशिक्षकांचीही व्यवस्था करावी, आणि प्रत्येक सभासदास निदान एक तास रस्त्यावर न्यावे. त्याचा खर्च वर्गणीतून झाला, तर तो रोषणाईच्या खर्चाहून अधिक सत्कारणी लागेल. ज्याच्याबद्दल शंका असेल, त्याने मोटार-परीक्षणाचे विशेष शिक्षण घेतलेल्या व्यवसायोपचार-तज्ज्ञाकडे जावे. हे परीक्षण महाग असते खरे, पण त्यात दोषाबरोबर उपायही सांगितला जातो.

या वर्गांत स्त्रियांची संख्या पुरुषांइतकीच असावी, असा आग्रह धरला पाहिजे. अनेक घरांत पत्नीजवळ परवाना असतो, पण पती शेजारी असता चाक तिच्या हाती येत नाही. वीस वर्षांनी पतीची दृष्टी जाते किंवा पतीच जातो, आणि मग सत्तरीची ती बाई घाबरत घाबरत मोटार बाहेर काढते. नेदरलँड्समधील चालकांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत वृद्ध चालकांपैकी ज्यांचे वर्षाकाठी चालविणे ३,००० किलोमीटरहून कमी होते, त्यांच्यातच अपघातांचे प्रमाण वाढलेले दिसले; नियमित चालविणारे वृद्ध इतर वयाच्या चालकांइतकेच सुरक्षित होते. कमी चालविणाऱ्यांत मुळातच प्रकृतीने खालावलेले अधिक असणार, हे मान्य केले तरी सरावाचे महत्त्व उरतेच. म्हणून साठीतल्या जोडप्यांनी आठवड्यातील काही फेऱ्या पत्नीच्या वाट्यास द्याव्यात. पतीने त्या वेळी शेजारी बसून सूचना देऊ नयेत.

आणि ज्यांना खरोखरीच चाक खाली ठेवावे लागेल, त्यांचे काय? मोटार सुटल्यानंतर वृद्धांत औदासीन्य वाढते, असे पाहण्यांत दिसून आले आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वृद्धांसाठीच्या सोनेरी ओपल पत्रावर दिवसभराचा प्रवास अडीच डॉलरांत होतो. व्हिक्टोरियात पात्र रुग्णांस टॅक्सीचे भाडे निम्मे पडते. पण बसचा थांबा अर्ध्या मैलावर असेल, तर स्वस्त तिकिटाचा उपयोग काय? येथे मंडळानेच पुढे यावयास हवे. गणेशोत्सवास दोनशे मोटारी देवळाच्या आवारात लागतात. त्यांतल्या किती जणांच्या मागील आसनावर जागा रिकामी असते, याची एक वही ठेवली आणि उपनगरावार नावे लिहिली, तरी पुष्कळ काम होईल. मात्र आजोबांना आणण्यास जाणाऱ्याने उपकार केल्याचा आव आणू नये. अर्धा तास आधी दूरध्वनी करून "निघालो आहे" एवढे कळवावे, म्हणजे म्हाताऱ्या माणसास दारात ताटकळावे लागत नाही.

वर्गास जाताना नेहमीचा चष्मा, घेत असलेल्या औषधांची यादी आणि शक्य तर आपलीच मोटार बरोबर न्यावी. परक्या मोटारीत आरसे कसे बसवावेत हे शिकून घरच्या मोटारीत त्याचा उपयोग होत नाही.