मोठी फर्म, मोठा पगार आणि समाधान

"मुलगी वकील झाली, पण कोर्टात कधी दिसत नाही!" अशी तक्रार हल्ली आपल्या घरांतून आम्हाला ऐकू येते. कायद्याची पदवी घेऊन आपली मुले-मुली आता मुंबईत फोर्ट, लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जाऊ लागली आहेत. पगार ऐकून अम्मी-अब्बा खूश होतात. वर्ष-दोन वर्षांत मात्र काहींचे मन उडते. असे का होते?

मोठ्या फर्ममध्ये काम वाटून दिलेले असते. एक कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा करार, कर्जे, जमिनीचे दाखले, चालू दावे असे ढीगभर कागद तपासावे लागतात. नव्या वकिलाच्या वाट्याला त्यातला एक गठ्ठा येतो. कोर्टाचे प्रकरण असले तरी मुंबईच्या जुन्या रिवाजाप्रमाणे फर्म कागद तयार करते आणि युक्तिवाद बहुधा बाहेरचे काउन्सेल करतात. त्यात बिल तासांवर निघत असल्याने मिनिटामिनिटाचा हिशेब लिहायचा. काळा कोट घालून बाजू मांडण्याचे स्वप्न पाहिलेल्या मुलीला हे काम कारकुनी वाटले तर नवल नाही.

पण त्या गठ्ठ्यातला एखादा जुना बोजा नजरेतून सुटला, तर अशील बुडू शकतो. ती त्याची अमानत आहे. म्हणून आम्ही तरुणांना सांगू: आपला कागद कोणत्या व्यवहारात बसतो ते वरिष्ठांना विचारा, पूर्ण फाइल वाचा, बैठकीत बसण्याची परवानगी मागा. एका विषयात हात बसवा. दिनशा मुल्ला हे मुंबईचे पारशी सॉलिसिटर. १८९५ साली सुरू झालेली त्यांची फर्म आजही आहे, आणि मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही कोर्टात उघडला जातो.

समाधानाची दुसरी वाट आपल्या मोहल्ल्यातून जाते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. किती भगिनींना हे ठाऊक आहे? फर्मच्या परवानगीने महिन्यातली एक संध्याकाळ अशा भगिनींना वाट दाखवण्यात गेली, तर आठवड्याचा शीण हलका होईल.

आता दोन शब्द घरच्यांसाठी. पहिल्याच वर्षी मुलीच्या पगारावर मोठ्या फ्लॅटचे कर्ज काढू नका. हप्ते सुरू झाले की नकोशी नोकरीही सोडता येत नाही. रात्री उशिरा घरी आलेल्या लेकीला किंवा सुनेला पगारवाढ विचारण्याआधी "आज काय शिकलीस?" असे विचारा. तीन-चार वर्षांनी तिने जिल्हा न्यायालयात वकिली करायचे ठरवले, तर "एवढी नोकरी सोडलीस?" म्हणून तिला हिणवू नका. कागद नीट वाचण्याची तिची सवय तिथल्या अशिलालाही तितकीच उपयोगी पडेल.