‘आम्ही’ पॅरिसला गेलो होतो

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावलेला असतो, ‘आम्ही’तून तो वगळलेला असतो. वर्गात हा भेद व्याकरणाचा म्हणून शिकवला जातो आणि तिथेच संपतो. जोडप्याच्या परदेशप्रवासाची मराठी वर्णने वाचताना मात्र आम्हांला तो वारंवार आठवतो. कारण तिथला ‘आम्ही’ पुष्कळदा ‘मी’च असतो. सोबतच्या माणसाला त्यात जागा असते, आवाज नसतो.

सर्वांच्या वाचनातले उदाहरण घ्यायचे तर पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०). लंडन-पॅरिसच्या त्या प्रवासात सुनीताबाई बरोबर होत्या. पुस्तकात त्या दिसतात, पण विनोदी लेखकाची पत्नी म्हणून. हसू येते ते नवऱ्याच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टीचे. हा पुलंचा दोष म्हणून आम्ही नोंदवत नाही; त्या विनोदाची ती गरजच होती. पण याच सहजीवनाकडे पाहणारी दुसरी नजर मराठी वाचकाला १९९० मध्ये, ‘आहे मनोहर तरी’मधून मिळाली. मध्ये तीस वर्षे गेली. दोन्ही पुस्तके अभ्यासक्रमात वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात, एक प्रवासवर्णन आणि दुसरे आत्मकथन. ती शेजारी ठेवून वाचली जात नाहीत, ही आमची तक्रार आहे.

तुमसर हे धानाच्या बाजारपेठेचे गाव. इथल्या माणसाने युरोप पाहिला तो प्रथम पडद्यावर, १९६४ च्या ‘संगम’मध्ये, मग १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये. आता इथली जोडपीही तिकडे जाऊन येतात. असाच एक जुना विद्यार्थी मध्यंतरी सपत्नीक आमच्याकडे आला. पॅरिसचे वर्णन अर्थातच त्याने केले : आयफेल टॉवरची उंची, रात्री तासातासाला लुकलुकणारे दिवे, सेन नदीवरची नौका. प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होत होते. निघताना आम्ही तिला विचारले, “तुम्हांला काय आवडलं?” ती थोडी थांबून म्हणाली, “सर, आम्ही तिथे भर रस्त्यात भांडलो. नव्या बुटांनी माझे पाय सोलले होते आणि यांना टॉवरचे दिवे गाठायचे होते. घरी सगळी माणसं. भांडण असलं तरी दार लावून, हळू आवाजात. तिथे कुणाला काही कळतच नव्हतं. मनसोक्त भांडलो आणि मग बाकावर बसून खूप हसलो.” तो चमकला. त्याच्या तासाभराच्या वर्णनात हे आलेच नव्हते.

पॅरिसमधल्या पों देझार या पुलाच्या कठड्याला प्रेमिक आपल्या नावांची कुलपे लावत आणि किल्ली नदीत टाकत. त्या भाराने २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि २०१५ मध्ये नगरपालिकेने सुमारे ४५ टन कुलपे उतरवली. हजारो जोडप्यांनी आपले प्रेम एकाच पद्धतीने नोंदवले की काय होते, याचे याहून नेमके रूपक कुणा लेखकालाही सुचले नसते. आमच्या प्रवासलेखनाचेही तसेच झाले आहे. तोच टॉवर, तीच नौका, तीच संध्याकाळ. त्या तरुणीने सांगितलेली संध्याकाळ मात्र तिच्या एकटीची होती आणि तरीही दोघांची होती. एकत्र कुटुंबातल्या जोडप्याला परक्या शहरात एकांत मिळतो तो शांततेचा नव्हे, तर मोकळ्या आवाजाचा, हे आम्हांला कोणत्याही प्रवासवर्णनाने सांगितले नव्हते.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णन शिकवताना ‘लेखकाने काय पाहिले?’ या प्रश्नाबरोबर ‘सोबत कोण होते आणि त्यांना काय दिसले असेल?’ हाही प्रश्न विचारावा. एकाच संध्याकाळीबद्दल दोघांना वेगवेगळे लिहायला सांगावे. दोन्ही कागद जुळले नाहीत, तर बिघडत नाही. जिथे ते जुळत नाहीत, तिथेच प्रवास घडलेला असतो.

हा लेखही ‘आम्ही’नेच लिहिला आहे, याची जाणीव आम्हांला आहे. त्यात कोण आहे आणि कोण वगळले गेले, हे वाचकांनी जरूर विचारावे.