घरपट्टीचा दंड कोणाच्या पदरात?



लागणीच्या नोंदी घेत फिरताना ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर घटकाभर बसणे होतेच. मागे एका गावी भिंतीवरच्या फळ्यावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लावलेली होती. वाचली, तर निम्मी नावे माझ्या नोंदवहीतली! एकरी साठ टन काढणारी मंडळी, आणि घरपट्टी दोन-दोन वर्षांची राहिलेली. एकांना विचारले, तर म्हणाले, "साहेब, पाच टक्के तर दंड. बिल आलं की टाकू की." तेव्हा हसण्यावारी नेले, पण हिशेब काही डोक्यातून जाईना. उसाच्या अंकात घरपट्टी कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.

ग्रामपंचायतीची रीत आपणांस ठाऊक आहे. ३० सप्टेंबरच्या आत कर भरला तर शेकडा ५ सूट, ३१ मार्च उलटला की थकीत रकमेवर शेकडा ५ दंड. शहरात हीच शास्ती महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. आणि आपल्या उसाचे काय? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले नाही, तर पुढे सालीना १५ टक्के व्याज मागण्याचा उत्पादकाला हक्क आहे. तो आपण सभेत टेबल आपटून सांगतो. सांगावाच, मी कारखान्याचा नोकर असूनही तेच म्हणेन. पण आपले येणे १५ टक्क्यांनी आणि गावाचे देणे ५ टक्क्यांनी, हा कुठला न्याय?

आता हा दंड जातो कुठे ते बघा. हजार रुपये थकले तर दंड रु. ५०. ते करासारखेच ग्रामनिधीत पडतात. पंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे असतात. त्या हिशेबाने पन्नासातले साडेसात, पाच आणि अडीच, मिळून पंधरा रुपये या मंडळींच्या वाट्याला येतात. कागदावर वाटणी झकास. पण मूळ हजार वेळेवर आले असते, तर त्यातले तीनशे त्यांचे होते! ते अडकले, आणि बदल्यात पंधरा मिळाले, तेही मागाहून.

उरले पस्तीस. त्यांची गोष्ट तर आणखी मजेची. वसुली नाही म्हणून पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे वीजबिल थकते, आणि त्याच्यावर वीज कंपनी विलंब आकार लावते. थकबाकीदाराचा दंड गावात येतो आणि गावाचा दंड बाहेर जातो. तो ज्याने एप्रिलातच पावती फाडली त्याच्याही पैशातून जातो. त्याने कोणाचे काय घोडे मारले होते? बिल फारच तुंबले, जोड तोडला, तर आठ-आठ दिवस हंडे घेऊन विहिरीवर जाणाऱ्या बायामाणसांत त्याचीही घरची असतात.

म्हणून माझे मत असे, की दंडाची जमा पंचायतीने हिशेबात वेगळी दाखवावी, ग्रामसभेत वाचावी, आणि वर सांगितलेले वाटे काढून जे उरेल ते सगळे पाण्याच्या वीजबिलाकडे लावावे. सर्वसाधारण खात्यात गेलेला पैसा कोणत्या बोळातल्या फरशीखाली गडप होतो, ते सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, निवडणूक आली की दंड माफ करा म्हणून सरपंचाच्या मागे लागणे बंद करावे. माफी मिळते ती थकवणाऱ्याला. भरणारा आपला कोरडाच.

एक तक्रार मात्र आपल्या बाजूची आहे, आणि ती रास्त आहे. सूट संपते सप्टेंबरात. तेव्हा खतांची उधारी, पोरांच्या फिया, सोसायटीचे दार, सगळी तंगीच. गाळप सुरू होते दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे सूट बहुतेक पगारदार मंडळी नेतात आणि ऊसवाला बघत राहतो. ही मुदत ऊसपट्ट्यात जानेवारीअखेर करावी, असे ठराव ग्रामसभांनी करून वर पाठवावेत. पण दंडाच्या बाबतीत ही सबब चालायची नाही. मार्चअखेरपर्यंत बहुतेकांची एकदोन बिले हाती पडलेली असतात. ज्याचा ऊस शेवटी तुटतो त्याचे मी समजू शकतो; तोडणीचा प्रोग्रॅम आमच्याच खात्याचा, तेव्हा त्याच्या शिव्या आम्हीच खातो.

सोसायटीचे कर्ज आणि पाटाची पाणीपट्टी बिलातून कपात होते, तशी घरपट्टीही व्हावी. अर्थात सभासदाने लेखी संमती दिली तरच. कपातीच्या यादीत आणखी एक ओळ वाढणार म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. माझ्याही पडल्या असत्या. एका वर्षी माझे नाव आमच्या गावच्या फळ्यावर होते.

आणि सभासदांना सांगताना कारखान्याने स्वतःलाही वगळू नये. कारखान्यांनी करांऐवजी पंचायतीला ठोक रक्कम देण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. आपल्या कारखान्याचे जे काही देणे असेल ते कोणत्या तारखेला भरले, हे संचालक मंडळाने दरवर्षी याच अंकात छापावे. म्हणजे त्या फळ्यापुढे उभे राहून मला चार शब्द बोलता येतील.