पिशाच, पुरावा आणि शाळेचे वाचनालय

भुताखेतांच्या चित्रकथा शाळेच्या वाचनालयात असाव्यात की नसाव्यात, हा प्रश्न निघाला की विज्ञान शिकवणाऱ्यांकडून एकाच उत्तराची अपेक्षा केली जाते. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक भुताची बाजू घेईल असे कोणालाच वाटत नाही, आणि मीही ती घेणार नाही. परंतु त्या पुस्तकांची बाजू थोडी मांडावी असे वाटते. त्यासाठी उदाहरण मुद्दाम परदेशातले घेतो, कारण त्या प्रकरणाची कागदपत्रे आता खुली झाली आहेत. मुलांना जपण्यासाठी पुढे आलेल्या एका तज्ज्ञाने पुराव्याचे काय केले, हे त्यांतून आपल्याला नीट पाहता येते.

'डार्क शॅडोज' नावाची एक अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका होती. एबीसी या वाहिनीवर ती २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्याचे पाच दिवस, रोज दुपारी अर्धा तास, असे तिचे १२२५ भाग झाले. मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावी एक जुना वाडा आहे, आणि त्या वाड्यातल्या घराण्याची ही कथा. प्रेक्षक पुरेसे मिळेनात, तेव्हा निर्माता डॅन कर्टिस याने प्रथम भूत आणले, आणि एप्रिल १९६७ मध्ये बार्नाबस कॉलिन्स हा 'व्हँपायर' आणला. व्हँपायर म्हणजे पाश्चात्त्य कथांतले रक्तपिपासू पिशाच. दिवसा ते शवपेटीत निजते, रात्री माणसांचे रक्त पिते, आणि ते ज्याला चावेल तोही बहुधा त्याच्यासारखाच होतो. साखळदंडांनी जखडलेल्या शवपेटीतून सुमारे पावणेदोनशे वर्षांनी बाहेर पडलेला हा बार्नाबस इतका लोकप्रिय झाला, की शाळा सुटली की मुले त्याला पाहण्यासाठी धावत घर गाठीत.

मालिका काटकसरीत होत असे. चित्रणात चूक झाली तरी सहसा ते थांबवत नसत, त्यामुळे कधी वाड्याची भिंत हले, तर कधी वरून मायक्रोफोन डोकावे. चित्रकथेला ही अडचण नाही. गोल्ड की या प्रकाशनाने १९६९ ते १९७६ या काळात या मालिकेवर ३५ अंक काढले. बहुतेक चित्रे जो सर्टा या चित्रकाराची. सुरुवातीच्या अंकांच्या मुखपृष्ठावर बार्नाबसची भूमिका करणाऱ्या जोनाथन फ्रिड या कॅनेडियन नटाचे छायाचित्र असे. गंमत अशी की मालिका १९७१ मध्येच संपली, पण कागदावरचा बार्नाबस आणखी पाच वर्षे हिंडत राहिला. पुढे हर्मिस प्रेस या संस्थेने २०१० पासून हे सारे अंक पाच खंडांत क्रमवार एकत्र केले. हे लेखन थोर नाही. संवाद जड आहेत, आणि बरीचशी संकटे एकाच साच्यातून निघालेली वाटतात. पण धुके, खडक आणि जिन्यावरची सावली सर्टाला चांगली साधते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९६९ साली अमेरिकेतल्या बहुतेक कॉमिक्स-प्रकाशकांना व्हँपायर छापण्याची मुळी परवानगीच नव्हती! ही बंदी सरकारने घातलेली नव्हती. प्रकाशकांनी १९५४ च्या ऑक्टोबरात स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली होती. चालती प्रेते, व्हँपायर, नरभक्षक, लांडगा होणारा माणूस हे सारे तिने वर्ज्य ठरवले होते, आणि शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' हा शब्दही चालत नसे. अंकावर या संहितेचा शिक्का नसेल तर बहुतेक वितरक तो अंक उचलत नसत. डेल ही एक मोठी संस्था मात्र आपली पुस्तके मुळातच सोज्वळ आहेत असे सांगून या शिक्क्यापासून दूर राहिली. तिच्यासाठी पुस्तके तयार करणाऱ्या मंडळींनी १९६२ मध्ये वेगळे होऊन गोल्ड की काढले, आणि तेही शिक्क्याविनाच चालले. बार्नाबसला कागदावर जागा मिळाली ती या फटीतून. दूरचित्रवाणीला तर ही संहिता लागूच नव्हती. म्हणजे जे पिशाच मुलांना रोज दुपारी दिवाणखान्यात फुकट दिसत होते, ते कागदावर आणायला बहुतेक प्रकाशकांना १९७१ पर्यंत मनाई होती. त्या वर्षी संहिता सैल झाली, आणि २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही तिला रामराम ठोकला.

ही संहिता आली कुठून? तिच्यामागे फ्रेडरिक वर्दम हे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांना खलनायक ठरवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे, ती मला पसंत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय गरिबांसाठी एक दवाखाना काढला होता. तिथे एका भेटीचे पंचवीस सेंट घेत. शाळांतल्या वर्णभेदाने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याविषयीची त्यांची साक्ष डेलावेअर राज्यातल्या एका महत्त्वाच्या खटल्यात उपयोगी पडली. म्हणजे माणूस कळवळ्याचा होता. १९५४ मध्ये त्यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी सिनेटच्या एका उपसमितीपुढे साक्षही दिली. कॉमिक्स वाचून मुले गुन्ह्याकडे वळतात, हे त्यांचे म्हणणे. लोकांना ते पटायला वेळ लागला नाही, कारण हवा आधीच तापलेली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी १९४८ मध्येच शाळेच्या मुलांनी कॉमिक्सची होळी केली होती.

वर्दम यांचा पुरावा कोणता? त्यांच्यापुढे आणलेली, वागणूक बिघडलेली मुले कॉमिक्स वाचत होती. इथे विद्यार्थ्यांनी पेन्सिल हातात घ्यावी. समजा, एका गावात १०० मुले आहेत आणि त्यांतली ९० कॉमिक्स वाचतात (त्या काळी अमेरिकेत जवळजवळ सगळीच मुले ती वाचत असत). दहा मुले गुन्ह्यांत सापडली आणि त्यांतली नऊ कॉमिक्स वाचणारी निघाली. दहांत नऊ म्हटल्यावर कोणीही दचकेल! पण जरा थांबून हिशेब करा. वाचणाऱ्या ९० मुलांपैकी बिघडली नऊ, म्हणजे दहा टक्के. न वाचणाऱ्या दहांपैकी बिघडले एक, तेही दहा टक्केच. कॉमिक्सचा काडीइतकाही परिणाम या आकड्यांत नाही. बिघडलेली मुले तेवढी मोजायची आणि न बिघडलेल्यांकडे बघायचेच नाही, अशा मोजणीने पावापासून पावसापर्यंत कशालाही गुन्हेगार ठरवता येईल. फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने वर्दम यांच्या पद्धतीवर १९४९ मध्येच टीका केली होती, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

हाच नियम आपल्या बाजूलाही लावला पाहिजे. संहिता आल्यावर कॉमिक्स सोवळी झाली, तरी १९६० नंतरच्या तीन दशकांत अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचा दर कितीतरी वाढला. यावरून 'बघा, कॉमिक्स निर्दोष होती' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. एकापाठोपाठ दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिलीने दुसरी घडवली किंवा अडवली असे ठरत नाही.

चुकीची पद्धत ही एक गोष्ट झाली. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. वर्दम १९८१ मध्ये वारले. त्यांची टिपणे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवलेली होती, ती २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल टिली यांनी ती छापील पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही मुलांची वये बदललेली होती. एकाचे बोलणे अनेकांच्या तोंडी घातलेले होते. सहकाऱ्यांनी तपासलेली काही मुले स्वतः पाहिल्यासारखी रंगवलेली होती. तेरा वर्षांच्या एका शाळा बुडवणाऱ्या मुलीचे खापर पुस्तकात कॉमिक्सवर फोडले होते, पण ती एका टोळीत होती आणि घरातून पळून जात असे, हे टिपणांत असूनही पुस्तकात आले नव्हते. प्रयोगवहीत नको असलेले वाचन खोडून हवे ते लिहिणारा विद्यार्थी आणि हा प्रकार यांत मला फरक दिसत नाही. विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातात. इथे एका पुस्तकाने मुलांचे वाचन कित्येक वर्षे बांधून ठेवायला हातभार लावला.

म्हणून शाळेतल्या सहकाऱ्यांना माझे सांगणे असे, की या दोन पुस्तकांपैकी विज्ञानाचा अपराध कोणी केला ते पाहा. बार्नाबसचा अंक आपण खरे आहोत असे कुठेही म्हणत नाही. मुखपृष्ठावरच नटाचे छायाचित्र आहे. आपण शास्त्र सांगत आहोत असा दावा वर्दम यांच्या पुस्तकाचा होता. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे माझे काही मित्र म्हणतात की अशा चित्रकथांनी भुतांवरचा विश्वास वाढतो. वाढतही असेल. पण वाचणारी आणि न वाचणारी मुले शेजारी ठेवून मोजल्याशिवाय तसे म्हणू नये, आणि मोजल्यावर उत्तर आपल्याला नको तसे आले तर ते लपवू नये. आपल्या महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्याने गुन्हे ठरवले. भुताची गोष्ट लिहिणे किंवा वाचणे त्याने गुन्हा ठरवलेले नाही. कायदा करणाऱ्यांनी हा फरक ओळखला. शाळेतल्या कपाटाला कुलूप लावतानाही तो ओळखता यावा.

लहान मुले रात्री घाबरतात हे मात्र खरे आहे, आणि चौथीतल्या मुलाच्या हाती हे खंड मी देणार नाही. ते वयाचे तारतम्य झाले, त्याला आचारसंहिता लागत नाही.

आठवी-नववीच्या मुलांनी मात्र ते वाचावेत, आणि वही जवळ ठेवून वाचावेत. सुट्या अंकांत न दिसणारी गोष्ट संकलित खंडात दिसते. लेखकाने एका अंकात पिशाचाला घातलेला नियम सहा अंकांनंतर पाळला आहे का, हे मागची पाने उलटून तपासता येते. निसर्गाच्या नियमांना अशी सवलत नसते. भूत भिंतीतून आरपार जाते, पण फरशीवर मात्र उभे राहते. भिंत त्याला ढकलू शकत नाही, तर मग फरशी त्याला वर कशी उचलून धरते? न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. अशा कथांत पिशाचाचे वटवाघूळ होते. माणूस सत्तर किलोचा आणि वटवाघूळ एक किलोचे धरले, तर ६९ किलो वस्तुमान गेले कुठे? त्याची ऊर्जा झाली म्हणावे, तर आइन्स्टाइनच्या सूत्राने ती जवळजवळ १५०० मेगाटन होते. सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये चाचणी घेतलेला सर्वांत मोठा बॉम्ब सुमारे ५० मेगाटनांचा होता. म्हणजे तसले तीस बॉम्ब एकदम! खिडकीतून अलगद उडून जाणे दूरच राहिले. वाडा, गाव आणि आसपासचा मुलूखही शिल्लक राहणार नाही.

आणि चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलांसाठी आणखी एक. एक व्हँपायर महिन्याला एकाच माणसाला चावतो आणि तो माणूसही व्हँपायर होतो असे धरा. दर महिन्याला संख्या दुप्पट होते. तेहतिसाव्या महिन्याअखेर ती ८५८ कोटी ९९ लाख ३४ हजार ५९२ होईल, आणि पृथ्वीवर तेवढी माणसेच नाहीत. लेखक म्हणेल, चावलेला प्रत्येक जण पिशाच होत नाही. ठीक, दहांतला एकच होतो असे धरू. मग दरमहा वाढ दहा टक्के झाली, आणि सारे जग संपायला सुमारे २४० महिने, म्हणजे वीस वर्षे लागतील. बार्नाबसच्या बापाने त्याला शवपेटीत घालून साखळदंड का बांधले, याची कथेतली कारणे वेगळी आहेत. पण तो मोकळा राहिला असता तर मालिका पाहायला १९६७ पर्यंत कोण उरले असते, हे लेखकाच्याही ध्यानात आले असावे.