दिव्यापुढचा अंधार

मुलांनो,

'दिव्याखाली अंधार' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मागच्या महिन्यात मी दिव्यापुढचा अंधार पाहिला. तीच गोष्ट आज सांगते.

उत्तनला मैत्रिणीकडे गेले होते. तिथून स्कूटरवरून परत निघेपर्यंत चांगलंच अंधारलं. डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा अशी गावं ओलांडत हा रस्ता भाईंदर पश्चिमेला येतो. मी होते तिथे रस्त्यावरचे दिवे मिणमिणते होते. तेवढ्यात समोरून एक उंच, नवी कोरी गाडी आली. तिच्या पांढऱ्याशुभ्र उजेडाने माझे डोळे असे दिपले, की रस्ता, कडेची झाडं, सगळं नाहीसं झालं! मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी निघून गेली आणि पाहते तो काय? माझ्या चाकापासून दोन हातांवर एक मुलगा सायकल हातात धरून चालला होता. आमच्याच शाळेतला, पाचवीतला.

"बाई, मी कडेनेच चाललो होतो हो!" तो रडवेला होऊन म्हणाला.

खरंच होतं त्याचं. त्याची काहीच चूक नव्हती. माझे मात्र हातपाय गार पडले होते.

आता एक सोपं गणित करा. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला किती मीटर? बरोबर १०! डोळे फक्त तीन सेकंद दिपले, तरी गाडी ३० मीटर आंधळेपणाने पुढे जाते. तेवढ्या अंतरात आपल्या शाळेच्या चार-पाच वर्गखोल्या मावतील.

पण उजेडाने दिसायचं बंद का होतं? झगझगीत प्रकाश डोळ्यातल्या भिंगातून जाताना थोडा विखुरतो आणि आतल्या पडद्यावर धुक्यासारखा पसरतो. त्या धुक्यात अंधूक वस्तू हरवतात. आजी-आजोबांचं भिंग वयामुळे गढूळ झालेलं असतं, मोतीबिंदू असेल तर आणखीच. म्हणून त्यांना हा त्रास जास्त होतो. शिवाय अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले, की पुन्हा सरावायला वेळ लागतो. पूर्ण काळोखाला सरावायला तर २० ते ३० मिनिटंही लागतात.

पूर्वीच्या हॅलोजन दिव्यांचा उजेड पिवळसर असे. नव्या गाड्यांतल्या एलईडी दिव्यांचा पांढरा असतो आणि लहानशा जागेतून जोरात येतो. त्यात गाड्याही उंच झाल्या. म्हणजे दिवा थेट समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत! पण दोष एलईडीचा नाही बरं का. दिवा नीट खाली झुकलेला असेल तर तो रस्ता छान दाखवतो. किंचित वर उचललेला असेल तर मात्र तोच समोरच्याला आंधळं करतो.

यासाठी आपल्याकडे कायदाही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १०६ क्रमांकाचा नियम पाहा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत, असं तो सांगतो. दीड मीटर म्हणजे साधारण माझे डोळे येतात तेवढी उंची. मला हा नियम फार आवडला. तो लिहिणाऱ्याने गाडीत बसून नाही, तर रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाच्या जागी जाऊन विचार केला आहे.

आता गंमत ऐका. घरी आल्यावर मी त्या गाडीवाल्याला खूप नावं ठेवली. मग सहज म्हणून आमची गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर, सपाट जागी, पाच मीटरवर उभी केली. दिव्याच्या उंचीइतकी खडूची रेघ भिंतीवर ओढली आणि डिपर लावला. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली हवी. डावा दिवा ठीक होता. उजवा चक्क रेघेच्या वर! पावसाळ्यात गाडीला पुढून ठोकर बसली होती. दुरुस्तीत दिवा थोडा वर बसला, आणि आम्ही कित्येक महिने समोरच्यांचे डोळे दिपवत फिरलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं. मेकॅनिकने स्क्रू फिरवून पाच मिनिटांत काम केलं.

येत्या रविवारी आई-बाबांना सोबत घेऊन ही खडूची परीक्षा तुमच्या गाडीची घ्या. स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती आहे का, तेही बघा. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा ही चकती मोठ्या आकड्यावर फिरवली की दिवे खाली येतात. आणि समोरून गाडी आली की बाबांना आठवण करा, "बाबा, डिपर!" समोरच्याने अप्पर ठेवला म्हणून आपणही ठेवायचा, हे तर मुळीच नको. मग दोघंही आंधळे! अशा वेळी वेग कमी करायचा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची.

त्या कडेने कुणीतरी सायकल हातात धरून चाललेलं असतं.

तुमच्या,
बाई